फराळ, मसाले, डबे: ठाणे-नवी मुंबईत घरातून धंदा उभा करताना

शेजारणीने एकदोनदा ‘आम्हालाही करून द्या ना’ म्हटलं, मग तिच्या बहिणीने, मग तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने. आता हे रीतसर करावं असं तुम्हाला वाटायला लागलंय. पण कुठला कागद आधी काढायचा, कुणाकडे जायचं, किती पैसे जाणार, हे कुणी धड सांगत नाही. जो तो आपापल्या ओळखीच्या एजंटाचा नंबर देतो. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, मसाले आणि फराळ घरातून करून विकते. या सगळ्या कागदांमधून मी गेले आहे, म्हणून ज्या क्रमाने काम सोपं होतं त्या क्रमाने लिहिते. खाद्यपदार्थांशिवाय दुसरं काही करत असाल तर अन्न परवाना आणि लेबलाचा भाग सोडून द्या, बाकीचं बहुतेक लागू पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. धंदा तुमचा असेल तर कागदावरचं नाव तुमचं, ओटीपी येणारा मोबाइल तुमचा आणि पैसे जमा होणारं खातंही तुमचंच हवं. पुष्कळ घरांत बाई राबते आणि कागदावर मालक नवरा, दीर नाहीतर मुलगा असतो. कुणाच्या मनात वाईट असतं असं नाही. ‘तू कुठे त्या रांगेत उभी राहणार, मी करतो’ एवढ्यावरूनच सुरुवात होते. पण चार-पाच वर्षांनी मोठं मशीन घ्यायला ती बँकेत गेली की तिच्या नावावर काहीच निघत नाही, ना उलाढाल, ना विवरणपत्र. घरच्यांची मदत जरूर घ्या, नाव मात्र स्वतःचं घाला.

हाताशी ठेवायचे कागद

• आधार आणि पॅन, दोन्हींवर नाव अक्षरनअक्षर सारखं
• पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि एक फोटो मोबाइलमध्ये
• घराचं अलीकडचं वीजबिल
• घर सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं साध्या कागदावर सही केलेलं संमतीपत्र
• भाड्याचं घर असेल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि घरमालकाचं ना हरकत पत्र
• विवाह प्रमाणपत्र
• रद्द केलेला चेक किंवा पासबुकचं पहिलं पान
• तुमचा स्वतःचा ईमेल, ज्याचा पासवर्ड तुम्हाला पाठ आहे

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. सायबर कॅफेवाला किंवा एजंट घाईत स्वतःचाच ईमेल आणि नंबर टाकून अर्ज भरतो. मग वर्षभराने नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. अर्ज दुसऱ्याने भरला तरी नंबर आणि ईमेल तुमचाच जातोय का, हे स्क्रीनवर स्वतः वाचा.

१. आधी नाव जुळवा

आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कुठेकुठे पहिलं नावही बदलतं. पॅन लग्नाआधी नोकरीत असताना काढलेलं, त्यावर वडिलांचं नाव. आधार सासरी आल्यावर काढलेलं, त्यावर नवऱ्याचं. बँकेच्या पासबुकात तिसरंच स्पेलिंग. घर चालवताना याने काही अडत नाही. उद्यम नोंदणीत (छोट्या धंद्याची सरकारी नोंद, पाचव्या पायरीवर येईल) आधार आणि पॅन एकमेकांशी ताडून बघितले जातात, तिथे मात्र अर्ज पुढे सरकतच नाही.

म्हणून एकच नाव ठरवा. माहेरचं ठेवायचं की सासरचं हा तुमचा निर्णय, पण एकदा ठरलं की सगळीकडे तेच. आधारवर आयुष्यात दोनदाच नाव बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग पक्कं करूनच जा. लग्नानंतरच्या बदलासाठी विवाह प्रमाणपत्र पुरतं. ते अजून काढलेलं नसेल तर महापालिकेत विवाह नोंदणी करून घ्या, जुन्या लग्नाचीही नोंद होते. पहिलं नावच बदललेलं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. तो अर्ज ऑनलाइन होतो, पण वेळ खातो, म्हणून बाकीचं काही करण्याआधी हा मार्गी लावा.

याच फेरीत आधारला तुमचा स्वतःचा मोबाइल जोडून घ्या. त्याला कुठलाही कागद लागत नाही, फक्त आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. पोळ्या लाटून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन ठसा घेत नाही, असं बऱ्याचजणींचं होतं. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळाचं स्कॅन करायला सांगा, ती सोय असते.

२. नाव जुळेपर्यंत किंमत काढा

या कामासाठी कुठल्याही ऑफिसात जावं लागत नाही, आणि सगळ्यात जास्त बायका इथेच मार खातात. ‘समोरची ३०० ला देते, मी २८० ला देईन’ ही किंमत ठरवायची रीत नव्हे. समोरचीने तिचा खर्च मोजलाय का, हे आपल्याला कुठे माहीत असतं?

चकलीचं उदाहरण घेऊ. आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. एक किलो चकलीसाठी धरून चालू:

भाजणीचं धान्य आणि दळण ६५ रुपये. तळणीत जिरणारं आणि कढईत उरून वाया जाणारं तेल ७५. तीळ, तिखट, ओवा, मीठ १५. गॅस २०. डबा आणि लेबल २५. झाले २००.

आता मोडलेल्या चकल्या. दहा टक्के तरी मोडतात, त्या विकता येत नाहीत. म्हणजे आणखी २०. एकूण २२०.

लायसन, वीज, सोऱ्याची झीज, डिलिव्हरीसाठी रिक्षा, मोबाइलचं रिचार्ज, या सगळ्याचा किलोमागे वाटा २० धरा. २४० झाले. बहुतेकजणी इथे थांबतात आणि ३०० ला विकून ‘साठ रुपये सुटले’ म्हणतात.

पण धान्य भाजणं, गिरणीत जाऊन येणं, उकड काढणं, मळणं, पाडणं, तळणं, निवल्यावर भरणं, हे सगळं मिळून किलोमागे तासभर तरी जातो. तुमच्या जागी मदतनीस ठेवली असती तर तिला काही द्यावंच लागलं असतं. ताशी १२० धरा. खरी पडती किंमत ३६० झाली. त्यावर २० टक्के नफा म्हणजे ७२, एकूण ४३२, सोयीसाठी ४४०.

म्हणजे जी बाई ३०० ला विकते तिचा नफा तर दूरच, स्वतःची अर्धी मजुरीही तिने सोडलेली असते. मजुरी वेगळी आणि नफा वेगळा. मजुरी तुमच्या कष्टाची, नफा धंद्याचा. उद्या मिक्सर जळला की तो नफ्यातून येतो.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट कळते. गोखले रोडवरच्या एखाद्या दुकानदाराने तुमचा माल ठेवायची तयारी दाखवली आणि २५ टक्के मागितले, तर ४४० च्या पुडक्यामागे तुमच्या हातात ३३० येतात. पडती किंमत ३६०. प्रत्येक किलोला ३० रुपये घरातून जाणार, आणि दुकान चाललं तर जास्तच जाणार. म्हणून दुकानात जायचं असेल तर छापील किंमत पहिल्या दिवसापासून दुकानदाराचा वाटा धरून ठरवा, आणि घरून थेट घेणाऱ्याला हवं तर सूट द्या. आधी स्वस्त देऊन नंतर भाव वाढवणं फार जड जातं. गिऱ्हाईक जुना भाव विसरत नाही.

हा हिशोब वहीत पदार्थागणिक एका पानावर लिहा, वर तारीख घाला. तेलाचा डबा महागला की पान पुन्हा मांडा.

३. जागा, सोसायटी, वीज आणि गॅस

घरातून करताना सगळ्यात आधी सोसायटीचा विचार करा. फ्लॅट राहण्यासाठी दिलेला असतो, त्यामुळे रोज डिलिव्हरीची मुलं लिफ्टमध्ये आणि तळणाचा वास जिन्यात यायला लागला की तक्रार येणारच. कमिटीला आधीच एक पत्र द्या: काय करणार, किती वाजता करणार, कचरा कुठे जाणार, कामाला बाहेरचं कुणी येणार का. शक्य असेल तर ना हरकत पत्र लेखी घ्या. तोंडी ‘करा हो ताई’ म्हणणारे सेक्रेटरी पुढच्या निवडणुकीत बदलतात. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या घरांत तळमजल्यावर दुकानासारखं दार पाडून धंदा सुरू केलेला दिसतो. बघून तसं करू नका. बांधकामात बदल आणि वापरात बदल, दोन्हींना परवानगी लागते.

वीज महावितरणची, कळवा-मुंब्र्यात ती टोरंट कंपनीमार्फत येते. घराच्या काही भागातून छोटा धंदा करणाऱ्याला महिना ३०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुती दरातच राहता येतं, अशी तरतूद महावितरणच्या दरपत्रकात असते. मोठा फ्रीज, ओव्हन, पल्व्हरायझर (दळायचं मशीन) घेतलात की हा आकडा बघता बघता ओलांडला जातो, तेव्हा मशीन घेण्याआधी बिलावरचे युनिट वाचा.

गॅसचं मात्र स्पष्ट आहे. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो, पाइपगॅस असेल तर व्यावसायिक जोडणीची चौकशी करा. व्यावसायिक सिलिंडर महाग पडतो, म्हणून किमतीच्या पानावर गॅसचा खर्च व्यावसायिक दरानेच धरा. आणि बंद केलेल्या बाल्कनीत भरलेले सिलिंडर साठवू नका. घरात मुलं असतात, वर-खाली शेजारी असतात.

४. अन्न परवाना

लोक याला ‘फूड लायसन’ किंवा ‘एफएसएसएआय’ म्हणतात. घरातून एक किलो चिवडा विकणारीलाही हे लागतं. छोट्या धंद्याला पूर्ण लायसन नव्हे, मूलभूत नोंदणी पुरते. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला ही नोंदणी आणि वर्षाचे १०० रुपये शुल्क असा नियम होता. अर्ज करताना फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर चालू मर्यादा आणि शुल्क दिसतं, तेच खरं धरा. एजंट याचे दोन-तीन हजार घेतात. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा एवढ्यावर अर्ज होतो, त्यात तुम्हाला न जमण्यासारखं काही नाही.

अर्जात पदार्थांचा प्रकार निवडायचा असतो. मसाले वेगळ्या गटात, फराळ वेगळ्या, डबे म्हणजे केटरिंग आणखी वेगळ्या. आज फक्त मसाले करत असाल पण दिवाळीला फराळ करणार हे नक्की असेल, तर दोन्ही आत्ताच घाला. नंतर बदल करायला पुन्हा अर्ज करावा लागतो.

हातात येतो तो १४ अंकी क्रमांक. तो लेबलवर, बिलावर आणि व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगवर टाका. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस कधीही बघायला येऊ शकतो, त्यामुळे पाणी, झाकणं, केसांची टोपी, कीटकनाशकं स्वयंपाकघराबाहेर, हे रोजच्या सवयीत आणा. मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा.

५. उद्यम नोंदणी

ही केंद्र सरकारची सूक्ष्म, लघु उद्योगांची नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती या नावाने चालू आहे. पूर्ण मोफत आहे, कधीही नूतनीकरण लागत नाही. आधार, पॅन, मोबाइल आणि अर्धा तास, एवढंच लागतं.

सापळा असा आहे की गुगलवर ‘उद्यम’ शोधलं की वरच्या बाजूला सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट येतात, तिरंग्याचे रंग आणि अशोकस्तंभासारखं काहीतरी लावून. त्या शेवटी हजार-दोन हजार मागतात. जिथे पैसे मागितले ती साइट बंद करा. खऱ्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतं. नोंदणी झाली की पुढचे काही आठवडे फोन येत राहतात: प्रमाणपत्र रद्द होईल, फी भरा, कर्ज मंजूर झालंय, प्रोसेसिंग फी पाठवा. सगळे कट करा.

अर्जात ‘व्यवसाय सुरू झाल्याची तारीख’ विचारतात. हा रकाना भरण्याआधी या लेखातला कर्जाचा भाग वाचा. काही अनुदान योजना फक्त नव्या उद्योगाला मिळतात, आणि चालू धंदा म्हणून तुमची नोंद झाली की त्या दारातून आत जाता येत नाही.

६. गुमास्ता

दुकान, गाळा किंवा वेगळं किचन घेतलंत की दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद लागते, तिलाच लोक गुमास्ता म्हणतात. कामगार थोडे असतील तर पूर्ण नोंदणी न करता नुसती सूचना द्यावी लागते आणि तिची पावती मिळते. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून हे होतं. बँकेत ही पावती फार उपयोगी पडते, म्हणून घरातून करणाऱ्याही अनेकजणी ती काढतात. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये तुम्हाला लागू होतात का, ते याच सुमारास सीएला विचारून घ्या.

७. चालू खातं आणि पैशाची शिस्त

बचत खात्यात धंद्याचे पैसे येत राहिले की दोन अडचणी होतात. बँक कधीतरी हटकते, आणि तुम्हालाच कळत नाही की किराण्याचे किती आणि धंद्याचे किती. धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा. एकल मालकीच्या धंद्याला बँक सहसा धंद्याचे दोन पुरावे मागते: उद्यम आणि अन्न परवाना, किंवा उद्यम आणि गुमास्ता. म्हणूनच हे खातं आत्ता, सातव्या पायरीवर आलं. आधी गेलात तर हात हलवत परत याल.

तीन-चार बँकांत विचारा. किमान शिल्लक किती, रोख भरण्याला शुल्क किती, क्यूआर आणि साउंडबॉक्सचं भाडं किती, हे लेखी मागा. आपल्याकडच्या सहकारी बँका छोट्या धंद्याला बऱ्याचदा आपुलकीने वागवतात, तेही बघा.

पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. हे वाक्य ओट्यावर चिकटवून ठेवा. हिंदीतून बोलणारा, स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवणारा कुणीतरी वीस डब्यांची ऑर्डर देतो, भाव करत नाही, आणि ‘मैडम, क्यूआर भेजा है, स्कैन करो, अ‍ॅडव्हान्स आ जाएगा’ म्हणतो. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. भावात घासाघीस न करणारं मोठं, अनोळखी गिऱ्हाईक हीच धोक्याची खूण. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

उधारीबद्दल माझं मत कडक आहे. डब्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्या. ‘ताई, पगार झाला की देते’ हे शेजारणीला एकदा चालतं, दहा घरांना चाललं तर तुमचा तेलवाला थांबत नाही. फराळाच्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ. सुरुवातीला जीभ अडखळते, पण लोक देतात.

८. लेबल

वाटीभर चिवडा पिशवीत बांधून दिला तर एक गोष्ट, पॅक करून विकला तर लेबल हवंच. त्यावर काय हवं:

पदार्थाचं नाव. घटकांची यादी, जास्त असलेला घटक आधी. निव्वळ वजन. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. केल्याची किंवा भरल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरावं ते. बॅच क्रमांक. तुमचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. अन्न परवान्याचा क्रमांक आणि चिन्ह. शाकाहारासाठी हिरव्या चौकोनात हिरवा गोल. शेंगदाणे, गहू, दूध, तीळ यांसारखे अ‍ॅलर्जी होऊ शकणारे घटक वेगळे लिहा.

‘मधुमेहींसाठी उत्तम’, ‘वजन घटवते’ असलं काहीही छापू नका. नाचणीचे लाडू चांगले आहेत म्हणून विका, औषध म्हणून विकू नका.

वजनकाट्यावर वैध मापन विभागाचा शिक्का हवा, तो दरवर्षी करून घ्यायचा. आणि माल पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून देऊ नका, राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे. बाजारात पथक फिरत असतं आणि दंड तुमच्या महिन्याच्या नफ्याएवढा होऊ शकतो.

नाव आवडीचं ठेवलंत तर ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ते आधीच कुणाचं नाही ना, हे फुकट शोधता येतं. नोंदवायचं असेल तर ऑनलाइन अर्जाला एकल व्यक्ती आणि छोट्या उद्योगाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. हे पहिल्याच महिन्यात करायची गरज नाही, पण पाचशे लेबलं छापण्याआधी शोध तेवढा घ्या.

९. माल कुठून, विक्री कुठे

ठाण्यात किरकोळीपेक्षा बऱ्या भावाने किराणा जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतो. मसाल्याचं सामान मोठं लागत असेल तर ट्रान्सहार्बर लोकलने तुर्भ्याला उतरून वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात जा, तिथे मसाला मार्केट आणि दाणा बाजार वेगळे आहेत. गोणीने घेणार असाल तरच भावाचा फरक पडतो, म्हणून दोघी-तिघींनी मिळून घ्या आणि वाटून घ्या.

मिरची फेब्रुवारी ते मे या काळात भरून ठेवावी. रंगाला ब्याडगी, तिखटाला गुंटूर किंवा लवंगी, चवीला संकेश्वरी, हे प्रमाण प्रत्येकीचं वेगळं. मिरची मुठीत दाबून बघा. चुरचुर आवाज करून मोडली तर वाळलेली. दबून पुन्हा फुगली, बोटाला ओलसर लागली, तर देठ कितीही चकचकीत असो, घेऊ नका. ती वजनात पाणी विकते आणि पावसाळ्यात मसाल्याला बुरशी आणते. आतलं बी काळपट दिसलं तरी सोडून द्या. कांडप केंद्रात आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला भांड्यात राहिलेला असतो, तेव्हा पहिली मूठभर मिरची कुटून ती बाजूला काढायला सांगा.

विक्रीची सुरुवात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून होते. रोज पोस्ट टाकू नका, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, भाव आणि शेवटची ऑर्डर कधीपर्यंत एवढंच. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत सणाआधी स्टॉल लागतात. बेलापूरचं सिडको अर्बन हाट आणि वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र इथेही प्रदर्शनं भरतात. स्टॉल घेताना भाडं दिवसाचं की पूर्ण काळाचं, टेबल आणि वीज धरून की वेगळी, शेजारी त्याच पदार्थाचा स्टॉल देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा. भाड्याच्या किमान चौपट विक्री होईल असं वाटलं तरच जा, हा माझा ठोकताळा.

बचत गटात असाल, किंवा व्हायची तयारी असेल, तर महापालिकेच्या समाजविकास विभागात नाव नोंदवा. ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन्हीकडे तो आहे. महिलांसाठीची प्रशिक्षणं आणि गटांच्या स्टॉलची माहिती तिथे लवकर कळते.

१०. जीएसटी आणि विवरणपत्र

माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. डबे आणि केटरिंग सेवेत मोडतात, फराळ-मसाले मालात. पण राज्याबाहेर माल विकलात तर ही मर्यादा कामाची नाही. सुरतच्या गिऱ्हाइकाला चकली कुरिअर करण्याआधी सीएशी बोला.

प्राप्तिकराचं विवरणपत्र कर लागत नसला तरी भरा. छोट्या धंद्याला अनुमानित उत्पन्नाची सोपी पद्धत आहे, ढीगभर हिशोब ठेवावे लागत नाहीत. तुमच्या नावावर दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं असली की बँक तुमच्याशी बोलताना नवऱ्याकडे बघत नाही.

११. कर्ज आणि अनुदान

पहिले सहा महिने कर्जाशिवाय चालवून बघा, असं मी प्रत्येकीला सांगते. तेवढ्यात कुठला पदार्थ चालतो आणि कुठलं मशीन खरंच लागतं, हे कळतं. फक्त एकच अपवाद: सुरुवातीपासूनच मोठं युनिट टाकायचं ठरलं असेल तर आधी अनुदान योजना बघा आणि मग खरेदी करा.

मुद्रा कर्ज तारणाशिवाय मिळतं. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. अर्ज थेट बँकेत किंवा जनसमर्थ पोर्टलवर. बँक मशीनचं कोटेशन, उद्यम आणि खात्याचे व्यवहार बघते. मुद्रात अनुदान नसतं. ‘मुद्रात इतके माफ होतात’ म्हणणारा माणूस फसवतो आहे.

अनुदान हवं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. महिलांना शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के, असं त्यांचं गणित राहिलं आहे. या योजना नव्या उद्योगासाठी आहेत. चालू खाद्य उद्योग वाढवायचा असेल तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना बघा. तिच्यात ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. ती राज्यात कृषी विभागामार्फत चालते. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज चालू आहे का हे विचारूनच खरेदी करा.

चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करायची. ठाणे शहर आणि ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, त्यांचं केंद्र अलिबागला. खारघरची बाई ‘नवी मुंबई’ म्हणून ठाण्याला आली तर दिवस फुकट जातो.

अनुदानाची रक्कम हातात येत नाही. ती कर्जाशी जोडून बँकेत वेगळी ठेवली जाते आणि साधारण तीन वर्षं हप्ते नीट गेले की कर्जात वळती होते. म्हणजे हप्ता ठरवताना अनुदान विसरायचं. मसाल्याचा हंगाम एप्रिल-मे, फराळाचा दिवाळी, आणि मधले जून-जुलै कोरडे. त्या कोरड्या महिन्यात खात्यात किती उरतं ते मागच्या वर्षीच्या वहीत बघा आणि तेवढाच हप्ता कबूल करा. मंजुरीपत्रातली पहिल्या हप्त्याची तारीख, व्याजदर आणि विम्याच्या नावाने कापलेली रक्कम वाचल्याशिवाय सही करू नका. शब्द कळला नाही तर अधिकाऱ्याला मराठीत समजावून सांगायला सांगा आणि तोवर पेन खाली ठेवा.